उजव्या हेडलाइटला खांब घासला, काचा आधीच पिवळ्या : घासून घ्यावं की नवीन बसवावं?

मृदुला_नऱ्हे

नमस्कार. गाडी वॅगनार, २०१३ ची, दसऱ्याला घेतलेली. कागदोपत्री बाबांची, चालवतो आम्ही दोघंही. गेल्या मंगळवारी सोसायटीच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमधून बाहेर काढताना माझ्याकडून उजवा कोपरा खांबाला घासला. खांबाला पिवळे-काळे पट्टे मारलेले आहेत, त्यातला पिवळा थेट हेडलाइटवर उमटलाय. बंपरवर किरकोळ रेघा आहेत, त्यांचं काही वाटत नाही. पण हेडलाइटच्या बाहेरच्या बाजूला चार बोटं रुंद पट्टा खरबरीत झालाय. बोट फिरवलं की लागतो.

खरं सांगायचं तर काचा आधीपासूनच खराब होत्या. आधीच्या भाड्याच्या घरी गाडी सहा वर्षं उघड्यावर उभी असायची आणि उजव्या अंगावर दुपारचं ऊन यायचं. त्यामुळे उजवी काच जास्त पिवळी, डावी त्यामानाने बरी.

काळजी बाबांची आहे. ते ७१ वर्षांचे आहेत, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही असं सांगितलंय. महिन्यातून दोनदा वाईजवळच्या गावी शेतावर जातात आणि पहाटे चारला निघायची सवय काही सोडत नाहीत. मागच्या महिन्यात मी शेजारी बसले होते. खंबाटकीच्या चढणीला समोरून डोळ्यावर येणारा प्रकाश नव्हता, तरी ते पुढे वाकून बघत होते. म्हणाले, "डिपरवर डावी कड दिसतच नाही गं, धुरातून बघितल्यासारखं वाटतं." (डिपर म्हणजे दिव्याचा खालचा झोत.) तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. पुढच्या फेरीआधी हे नीट करायचंय.

आतापर्यंत मिळालेले सल्ले असे. वर्कशॉपने दोन्ही हेडलाइट नवीन, मजुरीसकट ९,४०० रुपये सांगितले. कोपऱ्यावरचा डेंटिंग-पेंटिंगवाला म्हणतो ८०० रुपयांत दोन्ही "नव्यासारख्या" करून देतो. भाऊ म्हणतो टूथपेस्ट लाव. मैत्रीण म्हणते इन्शुरन्स क्लेम कर. पैसे लागले तर घालीन, पण उगाच नको. कुणी स्वतः केलंय का?

कर्वेनगर_पार्थ

टूथपेस्ट मी केलंय. त्यात बारीक खर असते, त्यामुळे दोन दिवस चमक येते, मग पुन्हा होतं तसंच. नंतर ५०० रुपयांत मशिनने पॉलिश करून घेतलं. पहिल्या रात्री फार आनंद झाला, पण पुढच्या गणपतीपर्यंत काच आधीपेक्षा जास्त पिवळी झाली. त्याने नुसतं घासलं होतं, वरून काहीच मारलं नव्हतं. आणखी एक, डास पळवणारा स्प्रे मारून काच चकचकीत करायचे व्हिडिओ फिरतात, ते अजिबात करू नका. त्यातलं रसायन प्लास्टिकचा वरचा भाग विरघळवतं, म्हणून ती चमक दिसते.

जुना_फिटर

मृदुलाताई, आधी नुकसान नेमकं कशाचं झालंय ते बघू, मग खर्चाचं ठरवू. मी भोसरीत प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ तयार माल तपासायला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट आहे. जुन्या सीडी ज्याच्या असायच्या तेच प्लास्टिक. खडा उडून बसला तरी फुटत नाही, म्हणून हेडलाइटला वापरतात. पण अंगाने मऊ. उघडं ठेवलं तर धुळीच्या फडक्यानेही चरे पडतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं पडतं. म्हणून कारखान्यात त्याच्यावर केसाहूनही पातळ असा पारदर्शक कडक थर चढवतात. हेडलाइटचं आयुष्य म्हणजे त्या थराचं आयुष्य. वडिलांच्या प्रीमिअर पद्मिनीचे गोल दिवे गाडी विकताना, वीस वर्षांनंतरही स्वच्छ होते, कारण ती खरी काच होती.

आता तुमच्या खांबाकडे येऊ. तो पिवळा पट्टा सगळाच ओरखडा नसणार. बराचसा खांबाचा रंग चिकटलेला असतो. दिवा साबणाच्या पाण्याने धुवा, मग ओल्या मऊ फडक्यावर थोडं रबिंग कंपाउंड (घासून पॉलिश करायची पेस्ट) घेऊन हलक्या हाताने फिरवा. रंग असेल तर निघून येईल. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही लावू नका. पॉलिकार्बोनेटला ते सोसत नाही, आतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्यावर इलाज नाही. रंग निघाला की जे उरेल त्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर ओरखडा वरवरचा आहे, घासून जाईल. अडकलं तर खोल आहे, मंद होईल पण पूर्ण जाणार नाही.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे आत बघा. दिवे बंद ठेवून मोबाइलची बॅटरी तिरकी धरून आतल्या रिफ्लेक्टरवर पाडा. तो आरशासारखा लखलखीत हवा. बल्बच्या वरच्या भागात धुरकट, राखाडी किंवा सोललेला दिसला, तर बाहेरून कितीही घासा, उजेड परत येणार नाही. तो दिवा बदलायचाच. काचेच्या आतल्या बाजूला धुकं धरत असेल तर तेही बाहेरच्या पॉलिशने जाणार नाही. शेवटी दिवा दोन्ही हातांनी धरून हलवून बघा. खांबाला लागलेल्या गाडीत मागचे कान, म्हणजे स्क्रू बसतात ती प्लास्टिकची टोकं, हटकून तुटतात. बाहेरून काही कळत नाही.

हे सगळं ठीक निघालं तर घासायला हरकत नाही. कडेच्या रंगाला आणि बॉनेटला कागदी टेप दोन पदरी लावा. वॉटर पेपर (पाणी मारून घासायचा पॉलिश पेपर) आणि स्प्रेच्या बाटलीत पाणी घ्या. सुरुवात ८०० नंबरच्या पेपरने, एकाच दिशेत, आडवी. पाणी मारत राहायचं. खाली जे पाणी ओघळतं त्याच्याकडे लक्ष ठेवा. आधी ते पिवळसर आणि जरा चिकट येतं, तो जुना मेलेला थर. हळूहळू ते ताकासारखं पांढरं होतं. कुठेच पिवळं येत नाही असं झालं की जुना थर सगळीकडून गेला. मध्येच थांबलात तर काचेवर बेटं राहतात आणि नंतर वरून मारायचं क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, तिथूनच आधी उचलतं. या टप्प्यावर काच दुधी दिसते, घाबरू नका. मग १००० ने उभं घासा, आधीच्या आडव्या रेघा पूर्ण जाईपर्यंत.

इथे दोन वाटा फुटतात आणि बहुतेक जण इथेच चुकतात. बाटलीतलं पुसून लावायचं कोटिंग वापरणार असाल तर १५००, २०००, ३००० असं पुढे जाऊन कंपाउंडने आरशासारखं करावं लागतं. बॉडीला मारतात ते हार्डनरवालं टू-के क्लिअर मारणार असाल तर १००० किंवा फार तर १५०० वर थांबायचं. त्या बारीक खरबरीत अंगालाच ते धरतं आणि दुधीपणा ते ओलं पडताच नाहीसा होतो. चकचकीत करून वर मारलं तर पापुद्रा सुटतो. टिकायला टू-के कितीतरी चांगलं. पण त्याची वाफ छातीला फार वाईट आणि साधा कापडी मास्क तिला अडवत नाही. घासायचं काम तुम्ही करा, मारायचं काम पेंटरला द्या, आणि कोरड्या दिवशी. पावसाळी दमट हवेत क्लिअरला पांढरी झाक येते.

तुमच्या ८०० रुपयेवाल्या पेंटरला एवढंच विचारा की घासल्यावर वरून काय मारणार. "काही लागत नाही" म्हणाला तर गाडी घेऊन परत या. मूळ थर एकदा काढला की ते प्लास्टिक उन्हात उघडं पडतं.

हिशोबी_स्वाती

क्लेमबद्दल लिहिते, दहा वर्षं मोटर विम्याच्याच कामात आहे. आधी पॉलिसी नीट वाच. जुन्या गाडीला बरेच जण फक्त थर्ड पार्टी घेतात, त्यात स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळतच नाही.

पूर्ण पॉलिसी असली तरी हिशोब करून बघ. काचेला घसारा लागत नाही, पण हेडलाइट प्लास्टिकमध्ये धरतात आणि प्लास्टिकला ५० टक्के घसारा. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. समजा एक हेडलाइट ४,२०० चा. निम्मे गेले, उरले २,१००. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेममागे १,००० रुपये आपल्याला भरावेच लागतात. म्हणजे सुट्या भागाचे हातात १,१००. त्यासाठी बाबांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येणार. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांवर असेल आणि तिथे परत पोचायला पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढायच्या. शिवाय पिवळेपणा ही झीज आहे, ती अपघातात येत नाही, म्हणून डाव्या दिव्याचं काहीच मिळणार नाही. नको करूस क्लेम.

रातराणी_एक्स्प्रेस

ताई, मी चौदा वर्षं रात्रीच्या गाड्या मारतोय, पुणे-कोल्हापूर. काकांनी काचेचं सगळं सांगितलंच आहे, मी फोकसचं सांगतो. धूर दिसणं हे काचेचं, पण डावी कड न दिसणं हे काचेचं वाटत नाही मला. डिपरचा झोत डाव्या बाजूला जरा वर चढलेला असतो, कड दिसावी म्हणूनच. तो दिसत नसेल तर दिवा कुठे तरी भलतीकडे बघतोय.

घरी तपासता येतं. टायरमधली हवा बरोबर करा. सपाट जमिनीवर गाडी भिंतीला अगदी लावून दोन्ही बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मांडा. मग सरळ पाच मीटर मागे घ्या आणि डिपर लावा. उजेडाची वरची कड खडूच्या रेघेच्या साधारण पाच सेंटिमीटर खाली यायला पाहिजे, दोन्हीची सारखी. एकेक दिवा पोत्याने झाकून बघा म्हणजे कळतं.

बल्ब काढून बघा. काच काळी पडली असेल तर दोन्ही एकदम बदला, ६०/५५ वॉटचेच. १००/९० घालू नका, वायर आणि होल्डर तापून वितळतात, रिफ्लेक्टर जळतो. नवीन बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही. आणि हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब कोंबू नका. तो रिफ्लेक्टर तारेच्या जागेसाठी बनवलेला असतो, एलईडीने उजेड सगळीकडे उधळतो. घाटात समोरून असली गाडी आली की आम्हाला दोन सेकंद काही दिसत नाही. तेवढ्यात काय होतं ते मी बघितलेलं आहे.

मृदुला_नऱ्हे

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी दोन तास बसून काकांनी सांगितलं तसं एकेक बघितलं.

खांबाचा पिवळा रंग दहा मिनिटांत निघाला. मला वाटलं होतं त्याच्या पाव हिश्शाएवढेच ओरखडे उरले. तीन मोठे, त्यातल्या एकात नख अडकतं. डाव्या दिव्याचा रिफ्लेक्टर स्वच्छ आहे, माझा चेहरा उलटा दिसला त्यात. उजव्यात मात्र बल्बच्या बरोबर वर अंगठ्याएवढा राखाडी डाग आहे, कडेने पापुद्रे सुटलेले.

आणि उजवा दिवा हलतो. बॉनेट उघडून बघितलं तर वरचा कान तडकलेला. पण त्या भेगेत जुनी काळी धूळ बसलेली आहे, म्हणजे तो मंगळवारचा नाही. बाबांना विचारलं तर त्यांना आठवलं, तीन वर्षांपूर्वी पुढून एक रिक्षा मागे घेताना टेकली होती, वरून काही दिसलं नाही म्हणून सोडून दिलं.

रात्री भिंतीवर बघितलं. बल्ब जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर. डावा झोत रेघेखाली पाच-सहा सेंटिमीटर, उजवा चक्क वीस. म्हणजे किती वाईट?

जुना_फिटर

फार वाईट. पाच मीटरमध्ये वीस सेंटिमीटर उतरतोय, म्हणजे सत्तर सेंटिमीटर उतरायला साडेसतरा मीटर. तुमच्या वडिलांचा उजवा दिवा चार गाड्यांच्या अंतरावरच रस्त्यात रुततोय. नीट लावलेला दिवा सत्तर मीटरपर्यंत जातो. वर तो हलणारा, त्यामुळे खड्ड्याखड्ड्याला झोत नाचत असणार. आणि सगळा भार ज्या डाव्या दिव्यावर, त्याची काच पिवळी. माणूस पुढे वाकून बघणारच.

उजव्यावर एक रुपया घालू नका, रिफ्लेक्टर जळलाय, नवीनच घ्या. डावा घासा. नाना पेठेत, सुट्या भागांच्या बाजारात, जाताना आरसी आणि चॅसी नंबर घेऊन जा, एकाच मॉडेलचे वर्षागणिक दिवे बदललेले असतात. दुकानदाराला खोक्यातून काढून दाखवायला सांगा, काचेवरून हात फिरवा, कपलर (वायर जोडायची जागा) आणि कान जुन्याशी ताडून बघा. कंपनीचाच घ्या. स्वस्तातल्या काचेवरचा थर कसा असेल याची खात्री नाही आणि झोत बरोबर पडेलच असं नाही.

मृदुला_नऱ्हे

काम पूर्ण झालं. पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून लिहून ठेवते.

शनिवारी नाना पेठेत गेले, बाबाही आले. जुना दिवा काढून सोबत नेला होता. पहिल्या दुकानात १,४५० चा दाखवला, दिसायला अगदी तसाच, पण जुन्याशेजारी धरल्यावर खालचा कान दोन-तीन मिलिमीटर बाहेर होता. तिसऱ्या दुकानात कंपनीचा मिळाला, ३,२६० ला, एमआरपीचं लेबल लावलेलं. बंपर सैल करून बसवायचे मेकॅनिकने ५०० घेतले.

डावा मी स्वतः घासला. पहिली पंधरा मिनिटं ओघळणारं पाणी खरंच पिवळं होतं, हळदीचा हात धुतल्यासारखं. ताकासारखं व्हायला पाऊण तास लागला. वरच्या कडेला, बॉनेटच्या जवळ सर्वात चिवट थर होता. काच दुधी झाल्यावर बाबा दोनदा येऊन बघून गेले आणि काही न बोलता परत गेले. १००० वर थांबले. कोपऱ्यावरच्या पेंटरला जाऊन विचारलं वरून काय मारणार, तर म्हणाला, "आठशेत काय मारणार मॅडम, नुसतं बफिंग." टू-के क्लिअर मारून द्याल का विचारल्यावर म्हणाला, आणा, बाकीच्या गाडीबरोबर मारून देतो, ६०० घेईन. पहिला हात पडताक्षणी दुधी काच माझ्यासमोर पारदर्शक झाली, आतला बल्ब दिसायला लागला. दोन हात मारले, रात्रभर गाडी तिथेच ठेवली.

पेपर आणि टेप २४०, बल्बची जोडी ३८०. सगळे मिळून ४,९८०.

शेजारी शेजारी बघितलं तर फरक कळतो. नवीन दिवा पाण्यासारखा आहे, डाव्यात खालच्या कोपऱ्यात जवळून बघितलं तर बारीक रेघा दिसतात. रात्री भिंतीवर मात्र दोन्ही झोत सारखे, मेकॅनिककडून स्क्रूने उजवा जुळवून घेतला.

काल पहाटे बाबा गेले. मीही गेले. शिंदेवाडी ओलांडल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. खंबाटकीच्या तिसऱ्या का चौथ्या वळणावर म्हणाले, "ही पांढरी पट्टी नवीन मारली का गं?" पट्टी जुनीच होती. पूर्ण घाट ते पाठ टेकून बसले होते.

काका, एक विचारायचं राहिलं. डाव्या काचेवर आता पीपीएफ, म्हणजे ती पारदर्शक संरक्षक फिल्म, लावून घेऊ का?

जुना_फिटर

वाचून बरं वाटलं. फिल्म लावायला हरकत नाही, पण महिनाभर थांबा. क्लिअर आतून पुरतं सुकलेलं नसेल तर फिल्मखाली बुडबुडे येतात. तोवर गाडी धुताना काचेला फक्त शांपूचं पाणी आणि स्वच्छ मायक्रोफायबर, कोरडं फडकं नाही. फिल्म आणाल तेव्हा नवीन उजव्यालाही लावून घ्या, त्याचा मूळ थर अजून शाबूत आहे.